पुळण

वाळवंट म्हटलं की आपल्याला राजस्थान आठवतं. वारकऱ्याला मात्र चंद्रभागेचा काठ. रत्नागिरीकडे समुद्राकाठच्या वाळूला वेगळाच शब्द आहे: पुळण. तो संस्कृत 'पुलिन'वरून आला, म्हणजे पाण्याकाठची वाळूची जागा. गणपतीपुळ्यातलं 'पुळे' याच पुळणीचं, असं सांगतात. तिथला किनारा पाहिला की ते पटतंही. (वाळूचं नातं 'वाळणे'शी जोडायचा मोह होतो, पण ती 'वालुका'ची लेक.)

अर्थात वाळल्याशिवाय ती हलत नाही, हेही खरं. ओहोटीनंतर ओले कण एकमेकांना चिकटून असतात. उन्हाने ओल उडाली की सुटे होतात आणि वाऱ्याबरोबर टुणटुण उड्या मारत जमिनीकडे निघतात. वाटेत मर्यादवेल पसरलेली असते. तिच्या जाड पानांशी वारा मंदावतो, वाळू खाली बसते, वेल पुन्हा वर सरकते. असं करत टेकाड उभं राहतं. थरच्या वाळवंटातही झुडपांच्या आडोशाला वाळू अशीच साचते. फक्त तिथे पावसाळ्यात उधाणाचा समुद्र येऊन ती परत ओढून नेत नाही.