पाच तास तीस मिनिटं

दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्या कंपनीत एक मेल येतो. टाइमशीट भरा. मग सोमवार साडेआठ तास, मंगळवार साडेआठ तास... (खरं किती काम केलं ते मला आणि माझ्या लीडला माहीत आहे, पण असो.) परवा ते भरता भरता सहज डोक्यात आलं, इंजिनियरिंगच्या चार वर्षांत आपण किती तास राबलो असू? आणि तेव्हा ते कुणीच का मोजलं नाही?

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकलो, २०१४ ते २०१८. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते कुठल्याही कॉलेजात शिकलेल्याला आपलंच वाटेल. दिवसभर लेक्चर्स आणि प्रॅक्टिकल्स, अधूनमधून सेशनल, आणि सेमिस्टरच्या शेवटी ती सुप्रसिद्ध गोष्ट: सबमिशन. पाच विषयांची पाच जर्नल्स, प्रत्येकात दहा प्रॅक्टिकल्स. पहिल्या वर्षाला वर ड्रॉइंगच्या शीट्स. त्या आम्ही काढायचो नाही, जीटी मारायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर काच, काचेखाली ट्यूबलाइट, काचेवर हुशार मुलाची शीट आणि त्यावर आपली कोरी. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळीसला टेकलेला, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि आम्ही चार जण त्या उजेडावर पतंगासारखे ओणवे.

माझा रूममेट हिंगणघाटकडचा, कापूस पिकवणाऱ्या घरातला. घरातून इंजिनियरिंगला आलेला पहिलाच. वर्कशॉपमध्ये त्याचा हात असा चालायचा की फिटिंगच्या जॉबला सर त्याचाच नमुना दाखवायचे. आम्ही दिवसभर फाइल घासून काटकोन आणू शकायचो नाही, तो बोलता बोलता आणायचा. पण जर्नल लिहायला बसला की अर्ध्या तासात पेन खाली. एका रात्री दोन वाजता त्याने विचारलं, "हे वाचते कोण बे?"

मी म्हटलं, कुणीच नाही, सही करतात फक्त.

"मंग लिहून काऊन राह्यलो आपण?"

तेव्हा मी हसलो होतो. तिसऱ्या सेमिस्टरला त्याचे चार विषय राहिले. पुढच्या वर्षी प्रवेश अडला, आणि त्यानंतर तो परत आला नाही.

आता गंमत बघा. ही खोली जिथे होती तिथून सेवाग्राम सायकलने जाण्याइतकं जवळ. घरचे आले की आम्ही त्यांना बापूकुटी दाखवायला न्यायचो, झाडाखाली फोटो काढायचो आणि येताना समोसे खायचो. चार वर्षांत एकदाही आमच्या लक्षात आलं नाही की विद्यार्थ्यावर किती भार टाकावा, या प्रश्नावर देशातली एक मोठी चर्चा याच वर्ध्यात झाली होती. ते मला कळलं पुण्यात आल्यावर, एका रिकाम्या शनिवारी झाकिर हुसेन समितीचा अहवाल वाचायला घेतला तेव्हा.

थोडी पार्श्वभूमी देतो. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. त्याच वर्षी प्रांतांमध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळं आली होती, म्हणजे शाळांचं काय करायचं हा प्रश्न आता भाषणापुरता राहिला नव्हता. परिषदेने ठरवलं: सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, आणि ते एखाद्या हस्तोद्योगाभोवती बांधलेलं. शिवाय अशी अपेक्षा की मुलांच्या कामातून हळूहळू निदान शिक्षकांचा पगार निघावा. अभ्यासक्रम करायला डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. डिसेंबरमध्ये अहवाल तयार! (आमच्याकडे रिक्वायरमेंट डॉक्युमेंटला यापेक्षा जास्त वेळ लागतो.) पुढे १९३८च्या फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसने योजना स्वीकारली, आणि ती राबवायला हिंदुस्थानी तालीमी संघ निघाला. सेवाग्रामात तो सांभाळला आर्यनायकम आणि आशादेवी या जोडप्याने. हीच ती 'वर्धा योजना' किंवा 'नयी तालीम'.

अहवालातलं सगळ्यात जास्त आवडलेलं पान म्हणजे वेळापत्रक. रोजचा हस्तोद्योग ३ तास २० मिनिटं. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटं. मातृभाषा ४० मिनिटं. समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान ३० मिनिटं. व्यायाम १० मिनिटं, सुट्टी १० मिनिटं. एकूण ५ तास ३० मिनिटं. वर्षाचे दिवस २८८, म्हणजे महिन्याला सरासरी २४. गुणाकार करून बघा, वर्षाला १,५८४ तास.

दहा मिनिटांच्या सुट्टीबद्दल मुलांना काय वाटलं असतं ते सोडा. पण कुणीतरी बसून बेरीज केली होती! एका मुलाच्या दिवसात किती मिनिटं असतात, आणि त्यातली आपण किती मागतोय, हे कागदावर मांडलं होतं.

गणिताला एवढा कमी वेळ का, असं मलाही आधी वाटलं. पण त्यांचा हिशेब वेगळा होता. गणित त्या तीन तास वीस मिनिटांतच दडलेलं होतं. तकलीवर सूत काततोय, तर किती हात सूत निघालं, अर्ध्या तासात किती, कालच्यापेक्षा किती जास्त, सुताचा अंक किती, कापूस किती वाया गेला. कापूस कुठे पिकतो म्हणजे भूगोल, मँचेस्टरला का जातो म्हणजे इतिहास. वर्ध्यासारख्या कापसाच्या मुलखात तर हे सगळं खिडकीबाहेर दिसतं. हातांचं काम आणि डोक्याचं काम एकच असेल तर भार दुप्पट होत नाही, असा तो विचार.

सगळ्यांना हे पटलं होतं असं नाही. अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी परिषदेतच हरकत घेतली होती की शाळांत बनलेला माल गावच्या कारागिरांच्या पोटावर येईल. आणि अहवालातच एक इशारा आहे: कमाईच्या बाजूवर जोर दिला तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त मजुरी काढून घेण्यात गुंततील आणि शिक्षण बाजूला राहील. योजना लिहिणारेच योजनेचा बग सांगताहेत. मला हे फार प्रामाणिक वाटलं.

आणि बग निघालाच, पण जरा वेगळा. स्वातंत्र्यानंतर सरकारी शाळांमधून मूलोद्योग पसरला खरा, पण बऱ्याच ठिकाणी तकली आली आणि तिच्यातलं गणित आलंच नाही. कातणं हा एक वेगळा तास झाला. १९६४-६६च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला, त्याचंही तेच. आठवतोय ना कार्यानुभवाचा तास? क्रेप कागदाची फुलं, आदल्या रात्री आईने केलेली? आमची जीटी ही त्याच घराण्यातली. ड्रॉइंग हात आणि डोकं जोडण्यासाठी होतं. आम्ही फक्त हात वापरला.

याच मातीतला एक इंजिनियरही सांगायला हवा. मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलिश इंजिनियर १९३०च्या दशकात भारतात आले, बंगळुरूच्या विद्युत कारखान्यात काम करू लागले आणि पुढे गांधीजींकडे ओढले गेले. त्यांनी धनुष तकली घडवली. चाती आडवी बसवायची आणि बांबूच्या धनुष्याच्या दोरीने फिरवायची. चाक नाही, सुताराकडे जायला नको, आणि साध्या तकलीपेक्षा वेग जास्त. एवढं शिकलेल्या माणसाने एवढी साधी वस्तू करावी! पण भार कमी करणं हेच इंजिनियरचं काम नाही का?

आणि विनोबा. परीक्षेच्या विषयात वर्ध्याचं नाव निघालं की मला तेच आठवतात. १९१६च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेला म्हणून बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसले, आणि सुरतेला उतरून काशीच्या वाटेला लागले. त्याआधी सर्टिफिकेटं चुलीत घातलेली. (हा परिच्छेद माझ्या ज्युनियर्सनी मनावर घेऊ नये.) पण हाच माणूस पुढे वर्ध्याजवळच्या नालवाडीत रोज आठ-आठ तास सूत कातत बसला. कशासाठी? कातणाऱ्या बाईचं त्या मजुरीत पोट भरतं का, ते बघायला. १९३५ साली चरखा संघाने आठ तासांच्या नीट कामाला पोटापुरती मजुरी मिळायला हवी असं ठरवलं, त्या सुमाराचीच ही गोष्ट. दुसऱ्याला काम नेमून देण्याआधी ते स्वतः करून, तास मोजून बघणं. आमच्या कुठल्या सरांनी पाच जर्नल्स एकदा स्वतः लिहून बघितली असती तर?

मात्र वर्ध्यात सगळं मोजूनमापूनच चालायचं असं म्हणालो तर खोटं होईल. महादेवभाई देसाई तेव्हा वर्ध्यात मगनवाडीला राहायचे आणि गांधीजी सेगावला (सेवाग्राम हे नाव १९४० पासूनचं). महादेवभाई रोज चालत सेगावला जायचे आणि चालत परत, जाऊन-येऊन अकरा मैल, वर्ध्याच्या उन्हात. कधी दिवसातून दोनदा. त्यावर पत्रव्यवहार, 'हरिजन'चे लेख, भाषणांची टिपणं. १९३८ मध्ये रक्तदाबाने ते कोसळले. १५ ऑगस्ट १९४२ रोजी आगाखान पॅलेसमध्ये गेले तेव्हा वय होतं पन्नास. मुलांच्या दिवसाची मिनिटं जिथे मोजली गेली, तिथेच सगळ्यात जवळच्या माणसाच्या तासांची बेरीज राहून गेली. मनापासून केलेल्या कामालाही बेरीज लागते, हे मला त्यातून कळलं. आवड असेल तर थकवा येत नाही असं मॅनेजर म्हणाले की मला आता महादेवभाई आठवतात.

मग मी आमची बेरीज करायला बसलो. लेक्चर, प्रॅक्टिकल मिळून आठवड्याला पस्तीस तास. हे काही अति नाही. जर्नल्स: पाच गुणिले दहा, एकाला दीड तास, म्हणजे सेमिस्टरला पंच्याहत्तर तास. पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला पाच. खरं सांगतो, उत्तर बघून मी खट्टू झालो. बस एवढंच? पण ते पंचाहत्तर तास कधीच पंधरा आठवड्यांत वाटले गेले नाहीत. ते शेवटच्या दोन आठवड्यांत आले, परीक्षेच्या तोंडावर, रोज पाच-सहा तास, आणि त्यातून शिकायला काही मिळत नव्हतं. आळस आमचाही होता, नाही कशाला म्हणू. पण प्रॅक्टिकल झालं त्याच दिवशी त्याच टेबलावर चार ओळी लिहून, चार प्रश्न विचारून सही मिळाली असती, तर माझा रूममेट कदाचित तरला असता. कदाचित. विषय राहिले ते लेखी परीक्षेत, हेही खरंच. पण परीक्षेआधीचे पंधरा दिवस त्याचे कुठे गेले ते मी पाहिलं आहे.

१९८३ नंतर वसंतदादांच्या सरकारने विनाअनुदान कॉलेजांना वाट दिली, म्हणून त्याच्यासारखी मुलं इंजिनियरिंगपर्यंत पोहोचली. आधी विदर्भात नागपूरचं व्हीआरसीई आणि अशी मोजकीच नावं होती. दार उघडलं हे चांगलंच झालं. आत आल्यावर मात्र दिवसाचे तास कुणी मोजले नाहीत. मी पास झालो त्याच वर्षी, २०१८ मध्ये, एआयसीटीईने नवा आदर्श अभ्यासक्रम आणला, चार वर्षांचे क्रेडिट १६० वर आणले आणि इंटर्नशिपला जागा दिली. म्हणजे बेरीज सुरू झाली म्हणायची. जीटीची काच अजून आहे का, ते आता शिकणाऱ्यांनी सांगावं.

गेल्या दिवाळीत हिंगणघाटला गेलो होतो. रूममेटचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. भिंतीवर खिळ्याला एक वही टांगलेली. प्रत्येक मोटारीचे वेढे किती, तारेचा गेज किती, जळाली कशाने, सगळं त्याच्या अक्षरात. मी म्हटलं, अबे, जर्नल लिहायला लागला की तू!

"हे मी वाचतो न," तो म्हणाला.

मी विचारलं, किती तास काम असतं रे? म्हणाला, तसे आठच, पण जिनिंगच्या सीझनला रात्र होते. मग माझ्याकडे बघून, "तुह्यं?"

मी टाइमशीटमधला आकडा सांगितला. तो हसला, आणि चहा सांगायला उठला.

असो. सोमवारी रिलीज आहे, उद्याचा रविवारही ऑफिसात जाणार. टाइमशीटमध्ये रविवारचा रकाना नसतो.