भरलेला रकाना, पूर्ण नोंद

कर्करोग नोंदणी दोन प्रकारची असते. लोकसंख्याधारित नोंदणी ठरावीक भूभागातला प्रत्येक नवा रुग्ण मोजते. मुंबईत १९६३ साली आणि बार्शीच्या ग्रामीण भागात १९८७ साली सुरू झालेल्या नोंदण्या या प्रकारच्या. रुग्णालयीन नोंदणी एका रुग्णालयात आलेल्या रुग्णांपुरती असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिची सुरुवात १९८२ साली चंडीगड, दिब्रुगड आणि तिरुवनंतपुरम येथे झाली. तिच्यातून लोकांमधले रोगाचे प्रमाण निघत नाही. निदान कोणत्या टप्प्यावर झाले, उपचार कोणते मिळाले आणि पुढे काय झाले, हे तिच्यातून कळते. म्हणून तिची पूर्णता रुग्ण, रकाना आणि पाठपुरावा अशा तीन पातळ्यांवर तपासावी लागते.

१. रुग्णांची पूर्णता

रुग्णालयात निदान किंवा उपचार झालेले सगळे रुग्ण नोंदीत आले का? यासाठी दोन याद्या ताडून पाहतात. समजा, रेकॉर्ड रूमच्या यादीत ८०० रुग्ण आहेत, पॅथॉलॉजीच्या यादीत ७०० आणि दोन्हींत मिळून ६४० सामाईक. एकूण वेगळी नावे ८६०. ८०० आणि ७०० यांच्या गुणाकाराला ६४० ने भागले की अंदाजे खरी संख्या ८७५ येते. म्हणजे १५ रुग्ण दोन्हीकडून निसटले. या गणितामागचे गृहीतक असे, की दोन्ही याद्या एकमेकींवर अवलंबून नाहीत. प्रत्यक्षात ज्याची बायोप्सी झाली त्याचाच केसपेपर नीट जपला जातो. अशा वेळी सामाईक आकडा फुगतो आणि निसटलेल्यांची संख्या खऱ्यापेक्षा कमी दिसते. ज्यांचे निदान केवळ स्कॅनवर झाले, ते या ताळ्यातून सर्वांत सहज सुटतात.

२. रकान्यांची पूर्णता

केसपेपरवर नुसते ‘कार्सिनोमा ब्रेस्ट’ लिहिलेले असते. नोंदणी कर्मचारी सी ५०.९ हा संकेतांक टाकतो, म्हणजे स्तनाचा कर्करोग, नेमकी जागा अनिर्दिष्ट. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट काढून पाहिला असता, तर गाठ वरच्या-बाहेरच्या चतुर्थांशात असल्याचे कळून सी ५०.४ पडला असता. रकाना दोन्ही वेळा भरलेलाच.

समजा, स्तनकर्करोगाच्या १०० नोंदींपैकी ९६ मध्ये टप्प्याचा रकाना भरलेला आहे. त्यांतल्या २४ ठिकाणी ‘अज्ञात’ लिहिले आहे. भरणा ९६ टक्के, उपयोगी माहिती ७२ टक्के. छेदही जपून निवडावा लागतो: हार्मोन रिसेप्टरची तपासणी स्तनकर्करोगात विचारायची, रक्ताच्या कर्करोगात नाही. लागू नसलेला रकाना छेदात धरला, तर नोंदणी उगाच अपुरी ठरते.

‘अज्ञात’ तीन कारणांनी येते. तपासणी झालीच नाही. झाली, पण लिहिली गेली नाही. किंवा दुसऱ्या गावी झाली आणि तिचा कागद रुग्णाच्या पिशवीतच राहिला. शेवटच्या दोन्हींवर उपाय नोंदणीकडे आहे. पहिल्यावर तो नाही. तिथे उपचारसेवेतलीच उणीव उघड होते. तिन्हींना एकच संकेतांक दिला की हा भेद पुसला जातो.

शिवाय या उणिवा सारख्या वाटलेल्या नसतात. उशिरा, खंगलेल्या अवस्थेत आलेल्या किंवा केवळ सल्ला घेऊन परतलेल्या रुग्णाचा टप्पा ठरतच नाही. अशांना वगळून जगण्याचे प्रमाण काढले, तर निकाल आहे त्याहून चांगला दिसण्याची शक्यता असते.

३. पाठपुराव्याची पूर्णता

अनेक रुग्णांचा मृत्यू घरी होतो आणि त्याची बातमी रुग्णालयापर्यंत पोचत नाही. नोंदीत ते शेवटच्या भेटीच्या तारखेला जिवंतच राहतात. म्हणून ‘किती टक्के रुग्ण संपर्कात आहेत’ एवढे विचारून भागत नाही. जितका काळ पाहायला हवा होता त्यापैकी किती पाहिला, हे मोजावे. पाच वर्षे लक्ष ठेवायचे असताना एक रुग्ण एका वर्षाने सुटला आणि दुसरा चार वर्षांनी, तर डोकी मोजल्यास दोघे सारखेच ‘सुटलेले’. काळ मोजला, की पहिल्याचा एकपंचमांश आणि दुसऱ्याचा चारपंचमांश भाग हाती आहे, हे दिसते.

निष्कर्ष

तिन्ही पातळ्यांची सरासरी काढून एक टक्केवारी देणे चुकीचे, कारण एकीतले यश दुसरीतली उणीव झाकते. अहवालात तिन्ही आकडे वेगळे असावेत आणि प्रत्येक महत्त्वाच्या रकान्यापुढे ‘अज्ञात’ किती व त्यांतले कोणत्या कारणाने किती, हे छापावे. दुरुस्ती रेकॉर्ड रूममध्ये करायची की बाह्यरुग्ण विभागात, हे त्यावरूनच ठरते.