एक-दशांशाचा इतिहास

३१ जुलै १९९५ रोजी मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले आणि देशात या सेवेचा प्रारंभ झाला. त्यानंतर गच्चीगच्चीवर मनोरे उभे राहिले. त्यांच्या प्रारणाविषयीचे नियम मात्र मागाहून आले. आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९८ मध्ये सुचवलेली मर्यादा भारताने २००८ मध्ये स्वीकारली. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती दर चौरस मीटरला ४.५ वॅट होती. शरीराने शोषलेल्या ऊर्जेमुळे उष्णतेचे अपाय ज्या पातळीला दिसू लागतात, तिच्या पन्नासाव्या भागावर सामान्य नागरिकांसाठीची मर्यादा आखलेली होती.

२०१० मध्ये केंद्राने आंतरमंत्रालयीन समिती नेमली. जानेवारी २०११ च्या अहवालात तिने ही मर्यादा एक-दशांशावर आणण्याची शिफारस केली. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले. हा गट अपुऱ्या पुराव्याचा निदर्शक आहे, सिद्ध धोक्याचा नव्हे. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात ०.४५ वॅट ही मर्यादा लागू झाली.

हा एक-दशांश कोणत्याही नव्या प्रयोगातून निघालेला नव्हता. ती सावधगिरी होती. सावधगिरी हे धोरण म्हणून समर्थनीय असू शकते. परंतु आधीची मर्यादा सुरक्षित होती, तर ती घटवली कशासाठी, या नागरिकांच्या साध्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही. परिणामी कठोर नियम हीच अनेकांना धोक्याची कबुली वाटली. नोव्हेंबर २०१२ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने शाळा व रुग्णालयांवरील मनोरे हटवण्याचा आदेश दिला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका नागरिकाच्या तक्रारीवरून ग्वाल्हेरमधील एक मनोरा बंद करायला लावला.

भौतिकशास्त्र येथे दोन गोष्टी सांगते. मनोरा दूर गेला, की संपर्क टिकवण्यासाठी आपल्या हातातला फोन अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो, आणि तो तर थेट कानाला लावलेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे, प्रक्षेपकाचा झोत जवळजवळ आडवा जातो. मनोऱ्याच्या अगदी खालच्या घरात दिव्याखाली अंधार असतो. झोत पोहोचतो तो समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर. म्हणजे गच्चीचे भाडे एका सोसायटीला आणि झोत दुसरीला! करारावर सही करताना त्या शेजाऱ्याला कोणी विचारत नाही. त्याच्या रोषाला अज्ञान म्हणून झटकणे सोपे आहे, पण न्याय्य नाही.

म्हणूनच या इतिहासातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे पाऊल २०१२ चे नव्हे, २०१७ चे आहे. त्या वर्षी दूरसंचार विभागाने ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ सुरू केले. परिसरातील मनोऱ्यांची माहिती तेथे पाहता येते आणि शुल्क भरून प्रारणाचे मोजमापही मागता येते. मर्यादा दिल्लीत ठरते; विश्वास मात्र आपल्या खिडकीत, आपल्यासमोर घेतलेल्या मोजमापातून निर्माण होतो. ते मोजमाप मागण्यासाठी नागरिकाला पदरमोड करावी लागू नये, एवढी सुधारणा अजून शिल्लक आहे.