‘हेदरबेल’चे निशाण

१९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शिडाच्या नौकांच्या बारा मीटर वर्गात फिनलंडच्या ‘हेदरबेल’ने कांस्यपदक मिळवले, तिच्यावरील चमूत एर्न्स्ट क्रोगियुस (१८६५–१९५५) होते. या वर्गात नौका उतरल्या होत्या तीनच, हेही लगेच सांगून टाकलेले बरे. तेव्हा पराक्रमाची कथा येथे कुणी शोधू नये.

आम्हांला बोलका वाटतो तो निशाणाचा प्रश्न. फिनलंड त्या काळी रशियाच्या झारच्या अमलाखाली होता. संघ वेगळा, पण विजयानंतर चढे ते रशियाचे निशाण. दहा मीटर वर्गात तर फिनलंडच्या ‘नीना’ने रौप्यपदक घेतले आणि तिच्या मागे, तिसरी, रशियाची नौका होती! पदकयादीत मात्र हे दोन देश शेजारी शेजारी, बरोबरीचे असल्यासारखे दिसतात.

१९१७ साली फिनलंड स्वतंत्र झाला. १९२० ते १९४८ क्रोगियुस आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य होते. हेलसिंकीच्या वाट्याला आलेले १९४०चे सामने महायुद्धात बुडाले. ते तेथे भरले १९५२ साली. ऐंशी उलटलेले क्रोगियुस तेव्हा हयात होते. सहा मीटर वर्गात फिनलंडला पुन्हा कांस्यपदकच मिळाले, या वेळी स्वतःच्या निशाणासह.