क्लच, जड वाहनांतील : जुळणी आणि दोष-निदान

इंजिन आणि गिअरबॉक्स यांना हवे तेव्हा जोडणारी आणि सोडवणारी घर्षणाची यंत्रणा. ट्रकमध्ये ती सहसा कोरडी असते : फ्लायव्हील, त्यावर क्लच प्लेट आणि प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट. मोटारसायकलीत मात्र पाच-सहा पातळ तबकड्या तेलात बुडालेल्या असतात. छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाने हा फरक ध्यानात ठेवावा, कारण क्लच बनवणारी एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज ही कंपनी याच शहराची, वाळूज औद्योगिक वसाहतीतली. तिचा भर दुचाकींच्या क्लचवर आहे. ट्रकचे क्लच बाहेरून येतात. ‘लाइप’ नावाने ते विकणाऱ्या सेटको कंपनीचा कारखाना गुजरातमध्ये कालोलला आहे.

प्लेटचा व्यास वाहनाच्या ताकदीप्रमाणे वाढतो. मोठ्या मालट्रकांत ३८० मिलिमीटर आणि ट्रेलर ओढणाऱ्या ट्रॅक्टरांत ४३० मिलिमीटरची प्लेट सर्रास आढळते. क्लच किती ताण पेलेल हे तीन गोष्टींवर ठरते : दाब, घर्षणाचा गुणांक आणि प्लेटची सरासरी त्रिज्या. यांतले गुणांकाचे गणित तेलाच्या एका थेंबाने बिघडते.

उष्णतेचा हिशेब बहुतेक चालकांना कोणी सांगत नाही. उभ्या गाडीला हलवताना क्लच जेवढा वेळ घसरतो, तेवढ्या वेळात गाडीत जितकी गतिज ऊर्जा येते साधारण तितकीच उष्णता क्लचमध्ये निर्माण होते. २५ टनांचा भरलेला ट्रक ताशी ५ किलोमीटरपर्यंत आणला तर ही उष्णता सुमारे २४ किलोज्यूल; ताशी १० पर्यंत आणला तर सुमारे ९६. वेग दुप्पट, उष्णता चौपट. म्हणून भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचलणारा चालक वेळ वाचवतो आणि प्लेट खर्चतो. चढावर याच्या वर आणखी भर पडते. कन्नड-चाळीसगाव दरम्यानच्या औट्रम घाटात ट्रक थांबून पुन्हा उठवावे लागत, तेव्हा प्लेटच्या जळक्या लायनिंगचा वास चढणाऱ्या गाड्यांच्या मागे तरंगत असे. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने तिथे जड वाहनांना बंदी झाली.

सपाट शहरातही क्लच जळतो. छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुरा, गुलमंडी, पैठण गेट या पट्ट्यातल्या दाटीत माल उतरवायला आलेला टेम्पो हाताच्या अंतराने पुढे सरकतो आणि चालकाचा पाय पेडलवर अर्धा दाबलेलाच राहतो. याला बोलीत ‘हाफ क्लच’ म्हणतात. घाट वर्षातून काही वेळा चढला जातो, मंडईची गर्दी रोजची. त्यामुळे अशा वाहनाची प्लेट जास्त लवकर संपलेली दिसते.

जुळणी. पाय ठेवल्यावर पेडल थोडा मोकळा जातो आणि मग जड लागतो. या मोकळ्या भागाला गॅरेजात ‘प्ले’ म्हणतात. आत रिलीज बेअरिंग आणि प्रेशर प्लेटच्या फिंगर यांच्यात दोन-तीन मिलिमीटर फट असते. पेडलाच्या तरफेने ती दहा-बारा पट होऊन पायाला जाणवते, म्हणून पेडलावर प्ले साधारण २५ ते ३५ मिलिमीटर ठेवला जातो. नेमका आकडा त्या वाहनाच्या पुस्तिकेत पाहावा. लायनिंग झिजते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, फिंगरची टोके उलट गिअरबॉक्सच्या दिशेने मागे येतात आणि प्ले कमी होतो. प्ले शून्य झाला की बेअरिंग सतत फिंगरवर टेकून फिरते, प्लेटवरचा दाब हलका होतो आणि क्लच घसरू लागतो. प्ले वाढला असता उलटे घडते : पेडल पूर्ण दाबूनही प्लेट सुटत नाही.

तेलाने चालणाऱ्या, हवेच्या बूस्टरची मदत असलेल्या यंत्रणेत काही ठिकाणी प्ले आपोआप राखला जातो. तिथे पेडलापेक्षा बूस्टरवरील झीज-दर्शक दांडीकडे पाहावे. अमेरिकी ट्रकांवरील दोन प्लेटांचा, खेचणाऱ्या प्रकारचा क्लच वेगळ्याच पद्धतीने जुळवला जातो. त्यात कव्हरमधले जुळणीचे कडे फिरवून बेअरिंग आणि क्लच-ब्रेक यांत सुमारे १३ मिलिमीटर आणि फोर्कशी सुमारे ३ मिलिमीटर अंतर राखतात. पेडलाचा दांडा ताणून तिथे काम भागत नाही.

निदान. गिअरबॉक्स उतरवणे हे दिवसभराचे काम, म्हणून आधी बाहेरचे सगळे पाहून घ्यावे. घसरणारा क्लच ओळखणे सोपे : चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही, आणि जळका वास येतो. प्ले पाहावा, मग इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल येते का ते बेल हाउसिंगच्या खालच्या भोकात पाहावे. दोन्ही ठीक असतील तरच प्लेटवर संशय घ्यावा.

न सुटणारा क्लच जास्त फसवतो. रिव्हर्स टाकताना गिअर कचकचतो, आणि बरेच मिस्त्री प्लेटलाच दोष देतात. तेलाने चालणाऱ्या यंत्रणेत पुष्कळदा दोष तेलात असतो : टाकीत तेल कमी, नळीत हवा, नाहीतर स्लेव्ह सिलिंडरचे किट गेलेले. हवा काढायला दोघे लागतात, एक पेडलावर, एक निपलपाशी. इथे ब्रेक फ्लुइडऐवजी इंजिन ऑइल किंवा रॉकेल घालणे हा हमखास नाश : रबर फुगते आणि आठवड्याभरात सगळे वॉशर बदलावे लागतात. यानंतर अडकलेले पायलट बेअरिंग, गंजलेल्या स्प्लाइनवर चिकटलेली प्लेट आणि वाकलेली प्लेट, या क्रमाने पाहावे.

आवाजाने जागा कळते. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेला असताना घरघर आणि दाबताच बंद, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग. हलके दाबताच सुरू होणारी किंकाळी, तर रिलीज बेअरिंग. पूर्ण दाबूनच ऐकू येणारा आवाज बहुधा पायलट बेअरिंगचा. गाडी उचलताना थरथर येत असेल तर तेलकट लायनिंग, उष्णतेने डाग पडलेले फ्लायव्हील किंवा सैल इंजिन माउंट यांपैकी काहीतरी असते. माउंट तपासायला पाच मिनिटे लागतात, तेच आधी तपासावे.

बसवताना होणारी चूक वेगळीच. प्लेट मध्यावर आणण्यासाठी डमी शाफ्ट हवा. तो नसल्यास जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट वापरतात. गिअरबॉक्स शाफ्टवर लटकू दिला की त्याच्या वजनाने नवी प्लेट वाकते आणि तीच न सुटण्याची तक्रार पुन्हा येते. कव्हरचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे धूळ कंप्रेसरने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी.