पाय का घसरतो? पादत्राणांच्या तळाचा इतिहास

इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमला वेढा घातला होता. त्या वेढ्याची हकीकत जोसेफस या इतिहासकाराने तपशिलाने लिहून ठेवली आहे. तीत ज्युलियानस नावाच्या एका सेंचुरियनचा, म्हणजे ऐंशी ते शंभर शिपायांवरच्या नायकाचा, प्रसंग येतो. रोमन फौज मागे हटते आहे हे पाहून हा धिप्पाड गडी एकटाच पुढे धावला आणि समोरच्या लोकांना त्याने मंदिराच्या आवाराच्या कोपऱ्यापर्यंत रेटत नेले. सेनापती टायटस हे सारे पाहत होता. पण धावता धावता फरसबंदीवरून ज्युलियानसचा पाय सटकला, तो पाठीवर आदळला आणि शत्रूने त्याला घेरून ठार केले. जोसेफसने कारणही नोंदवले आहे. इतर रोमन सैनिकांप्रमाणे त्याच्याही पायताणांच्या तळाला जाड, टोकदार खिळे ठोकलेले होते.

हे खिळे म्हणजे त्या काळचे उत्तम न घसरणारे पादत्राण. चिखलात, गवतात, ओल्या मातीत खिळा रुततो आणि पाय धरून ठेवतो. घोटीव दगडात तो रुतू शकत नाही. मग सगळे वजन धातूच्या थोड्याशा टोकांवर येते आणि ती टोके दगडावरून सरकू लागतात. घसरू नये म्हणून केलेल्या उपायानेच ज्युलियानस घसरला. चपलेवर 'न घसरणारी' असा शिक्का आजही मारला जातो. पण कुठल्या जमिनीवर, आणि त्या जमिनीवर काय सांडलेले असताना, हे विचारल्याशिवाय त्या शिक्क्याला फारसा अर्थ नसतो. पादत्राणांच्या तळाचा पुढचा इतिहास या दोन प्रश्नांभोवतीच फिरतो.

आपण वर्गात घर्षणाचे दोन नियम शिकवतो. घर्षणबल हे पृष्ठभागांवरच्या लंब दाबबलाच्या प्रमाणात असते, आणि ते स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांत या दोन्ही गोष्टी आढळतात, पण त्या वह्या छापल्या गेल्या नव्हत्या. १६९९ मध्ये गिओम आमोंताँ याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्या नव्याने मांडल्या. क्षेत्रफळाचा संबंध नाही हे ऐकून अकादमीतले विद्वान चांगलेच साशंक झाले होते. विद्यार्थ्यांनाही हा नियम पटत नाही, आणि ते काही वावगे नाही. पुढे १७८१ मध्ये कूलोम या लष्करी अभियंत्याने जहाजांच्या गोदीत मोठ्या प्रमाणावर प्रयोग करून हे नियम पक्के केले.

या दोघांनी कशावर प्रयोग केले ते पाहण्यासारखे आहे. आमोंताँने तांबे, लोखंड, शिसे आणि लाकूड घेतले, आणि त्यांना डुकराची चरबी लावली. कूलोमसमोर यंत्रे, कप्प्या आणि जहाजबांधणी होती. म्हणजे हे नियम यंत्रांच्या कठीण पदार्थांवरून काढलेले आहेत. माणसाच्या पायाखाली पुढे जो पदार्थ आला, तो त्यांच्या प्रयोगांत नव्हताच.

तो पदार्थ म्हणजे रबर. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत कडक. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर याला गंधकाबरोबर तापवून ते टिकाऊ करण्याची रीत सापडली आणि पुढे रबरी तळाचे बूट निघाले. कोरड्या जमिनीवर सपाट रबराची पकड धातूपेक्षा आणि चामड्यापेक्षा कितीतरी चांगली. पण जमीन ओली झाली की तेच रबर साबणासारखे सटके. यावरचा उपाय प्रयोगशाळेतून आला नाही. तो ज्यांचे पाय घसरत होते त्यांनी शोधला.

जॉन साइप या अमेरिकन माणसाची गोष्ट अशी सांगतात, की तो कत्तलखान्यात कामाला होता. तिथल्या ओल्या फरशीवर सारखे घसरून कंटाळल्यावर त्याने आपल्या बुटांच्या रबरी तळाला बारीक चिरा पाडल्या. १९२३ मध्ये अशा चिरांचे पेटंट त्याच्या नावे झाले, आणि मोटारीच्या टायरवरच्या बारीक चिरांना आजही 'साइप' म्हणतात. दुसरी गोष्ट पॉल स्पेरीची. हा हौशी नाविक होता आणि बोटीच्या ओल्या डेकवर त्याचा पाय घसरत असे. आपला कुत्रा बर्फावरून बिनधास्त पळतो हे पाहून त्याने कुत्र्याच्या पंजाच्या गादीवरच्या भेगा न्याहाळल्या आणि चाकूने रबरी तळावर नागमोडी खाचा कोरल्या. हे १९३५ साल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी नौदलाने हे बूट घेतले. शोधांच्या अशा कथा जाहिरातींत वर्षानुवर्षे घासून गुळगुळीत होतात, हे मात्र वाचताना लक्षात ठेवलेले बरे.

तिसरी घटना त्याच वर्षीची, आणि ती गोड नाही. सप्टेंबर १९३५ मध्ये इटलीच्या आल्प्समधील पुंता राझिका या शिखरावर गिर्यारोहकांचा एक गट हिमवादळात सापडला. त्या काळी डोंगराच्या पायथ्यापर्यंत खिळ्यांचे जड बूट घालत आणि खडकावर चढताना ते काढून नमद्याच्या तळाचे हलके जोडे घालत. कोरड्या खडकावर हे जोडे उत्तम. पण हवा बिघडली, खडकावर बर्फ साचले, नमदा ओला होऊन गोठला, आणि त्या जोड्यांनी नीट उतरता येईना. सहा जण थंडीने गेले. गटातला विताले ब्रामानी वाचला. एकच तळ खडकावर, बर्फावर आणि चिखलातही चालला पाहिजे, या ध्यासाने तो कामाला लागला. पिरेली या टायर कंपनीच्या मदतीने त्याने जाड रबराचे ठसठशीत ठोकळे असलेला तळ तयार केला आणि १९३७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्या नक्षीला त्याने नाव दिले 'कारार्मातो', म्हणजे रणगाडा. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे जोडून त्याने कंपनीचे नाव 'विब्राम' ठेवले. ३१ जुलै १९५४ रोजी के-टू शिखरावर पहिल्यांदा माणूस पोचला, तेव्हा त्या इटालियन चमूच्या पायांत हेच तळ होते.

हे का जमते, याचे उत्तर त्यानंतरच्या काही वर्षांत मिळत गेले. केंब्रिजमध्ये बाउडन आणि टेबर यांनी दाखवले, की दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तरी ते सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांवरच टेकतात. धातूची टोके दाबाखाली चेपतात आणि जितका दाब, तितके खरे स्पर्शक्षेत्र वाढते. वरवर दिसणाऱ्या क्षेत्रफळाला महत्त्व उरत नाही. आमोंताँच्या नियमामागचे कारण हे. रबर लवचिक आहे. त्याचे खरे स्पर्शक्षेत्र दाबाच्या त्याच प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे वजन वाढले की घर्षणगुणांक कमी होताना दिसतो. रबराच्या बाबतीत 'क्षेत्रफळाचा संबंध नाही' हे विधान सरसकट करता येत नाही. आमच्या मते ही मर्यादा शिक्षकांनी वर्गात सांगायला हवी, कारण मुलांच्या पायांत असते ते रबर किंवा त्याचेच भाऊबंद.

१९५८ मध्ये ग्रीनवुड आणि टेबर यांनी रबरावर साबणाचे पाणी घालून प्रयोग केले, आणि १९६३ मध्ये ग्रोश याने चित्र आणखी स्पष्ट केले. रबराची पकड दोन वाटांनी येते. एक, रबर जमिनीला चिकटते. दोन, जमिनीच्या उंचवट्यांवरून सरकताना रबर दबते आणि पुन्हा फुगते. त्यात ऊर्जा खर्च होते आणि सरकण्याला विरोध होतो. मध्ये पाणी आले की पहिली वाट बंद होते. दुसरी चालू राहते, पण त्यासाठी जमिनीला उंचवटे हवेत. गुळगुळीत टाइल आणि वर पाणी, इथे दोन्ही वाटा बंद.

आता खाचांचे काम काय? पाय टेकतो तेव्हा तळाखालचे पाणी बाजूला जायला वेळ लागतो. गोल चकती धरली तर हा वेळ त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो आणि वजनाच्या प्रमाणात घटतो. एका चकतीऐवजी तितक्याच एकूण क्षेत्रफळाच्या पंचवीस लहान चकत्या घ्या. प्रत्येकीची त्रिज्या एक पंचमांश, म्हणून चौथा घात ६२५ पट कमी. पण वजनही प्रत्येकीवर पंचवीस पट कमी. म्हणजे पाणी निघून जायला पंचवीस पट कमी वेळ. साइपच्या चिरा आणि स्पेरीच्या खाचा हेच करत होत्या. झिजून सपाट झालेली स्लीपर मोरीत का दगा देते, तेही यातून कळते. हा वेळ द्रवाच्या विष्यंदितेच्याही प्रमाणात असतो. खाद्यतेलाची विष्यंदिता पाण्याच्या पन्नास-साठ पट. म्हणून पाण्यात ठीक चालणारा तळ भटारखान्यात पुरा पडेलच असे नाही. ब्रिटनमधील कामगार-सुरक्षा खात्याच्या मार्गदर्शनात स्वच्छ पाण्यासाठी फरशीचा खडबडीतपणा सुमारे २० मायक्रॉन, तर ऑलिव्ह तेलासाठी सुमारे ६० मायक्रॉन असावा असे म्हटले आहे. पावसाळ्यात शहाबादी फरशीवर साचणारे शेवाळही पाण्यापेक्षा तेलालाच जवळचे.

चालायला नेमकी किती पकड लागते, हे १९६१ मध्ये ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च स्टेशनमधल्या हार्पर आणि सहकाऱ्यांनी मोजले. त्यांनी बल मोजणाऱ्या पट्टीवरून माणसांना चालवले. सपाट जमिनीवर साधे चालताना आडवे बल उभ्या बलाच्या साधारण पाचवा हिस्सा असते. वळताना, घाईत, उतारावर ते वाढते. या मोजणीवरून पुढे ०.३६ हा आकडा रूढ झाला. आज ब्रिटनमध्ये फरशीवर रबरी पट्टीचा लोलक झोकून मापन करतात, आणि ३६ किंवा अधिक अंक आला तर घसरण्याचा धोका कमी मानतात. जर्मन पद्धत अधिक गमतीची: तेल ओतलेल्या तिरक्या फळीवर माणसाला दोरीने सुरक्षित बांधून चालवतात आणि फळी कलती करत नेतात. कामाच्या बुटांच्या युरोपीय मानकात चिनी मातीच्या टाइलवर साबणाचे पाणी घालून चाचणी घेतात. ग्लिसरीन घालून घेतलेली चाचणी २०२२ च्या आवृत्तीपासून ऐच्छिक आहे. ब्रिटनमध्ये कामावर होणाऱ्या प्राणघातक नसलेल्या इजांपैकी साधारण ३० टक्के घसरून किंवा अडखळून पडण्याच्या असतात, तेव्हा हा खटाटोप उगाच नाही.

कचेऱ्या आणि शाळांत आता व्यायामाचे कार्यक्रम होतात. आंतरराष्ट्रीय योग दिन २०१५ पासून २१ जूनला पाळला जातो, आणि त्या दिवसांत आपल्याकडे पावसाळा असतो. पॉलिश केलेली ग्रॅनाइटची फरशी, दारात निथळणाऱ्या छत्र्या, आणि वर मोजे घालून कवायत: वर सांगितलेल्या दोन्ही वाटा इथे बंद असतात. फरशी पुसून कोरडी करणे आणि मोजे उतरवणे यावर काही खर्च येत नाही. पण पकड जितकी जास्त तितकी चांगली, असेही नाही. फिलाडेल्फियातील शाळकरी मुलांच्या अमेरिकन फुटबॉलचा टोर्ग आणि क्वेडनफेल्ड यांनी १९७१ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. बुटांचे गुटके लांब असतील तर गुडघ्याच्या दुखापती जास्त, असे त्यात दिसले. पाय जमिनीत अडकतो आणि शरीर वळते. पीळ गुडघ्यावर येतो. गिरक्यांच्या व्यायामाला ब्रामानीचा रणगाडा पायात नको.

वर्गात हे पाहायचे तर एक मीटर लांबीच्या फळीवर घट्ट बसवलेली टाइल, नवी आणि झिजलेली अशा दोन स्लीपर आणि थोडी वजने पुरतात. स्लीपर टाइलवर ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचला आणि ती कधी सरकते ते पाहा. त्या कोनाचा टॅन म्हणजे स्थितिक घर्षणगुणांक. टोक सुमारे ३४ सेंटिमीटर वर गेले की कोन २० अंश होतो आणि टॅन ०.३६. लोलकाचा आकडा सरकत्या घर्षणाचा असल्याने या दोन आकड्यांची थेट तुलना करू नये, पण दोन स्लीपरची एकमेकींशी तुलना खुशाल करावी. आधी कोरडी टाइल, मग पाणी, आणि दर वेळी स्लीपरवरचे वजन बदलून. साबण आणि तेल मात्र अगदी शेवटी घ्या, नाहीतर त्या दिवसाची पुढची सगळी निरीक्षणे वाया जातात.