रक्कम तीच, खाती दोन

पूर्वी गाण्याची परीक्षा नव्हती. गुरुजींची मर्जी होती. शिष्यानं वर्षानुवर्षं पाणी भरावं, पाय चेपावेत, तेव्हा कुठं एखादी चीज पदरात पडायची. घरंदाज मुलींना तर ते दारच बंद! विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाण्याला वर्ग नि अभ्यासक्रम आला. लहानपणी फटाक्यानं त्यांचे डोळे अधू झालेले. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडून जे मिळालं, ते कानानंच. १९३१ साली ते गेले. त्याच वर्षी शिष्यांनी मंडळ स्थापलं. त्याच्या परीक्षांचा जिना प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत चढत जातो.

या जिन्यातली निसरडी पायरी म्हणजे 'राग ओळखा'. परीक्षक चार सूर गुणगुणतात, आपण नाव सांगायचं. आता भूप आणि देशकार घ्या. सूर तेच पाच : सा, रे, ग, प, ध. आम्हां बँकवाल्यांच्या भाषेत रक्कम तीच, खाती दोन! भूप गंधारावर विसावतो, देशकार धैवतावर.

परीक्षेनं गवई होत नाहीत, असं जाणकार म्हणतात. कबूल. पण फीची पावती फाडली, की कारकुनाच्या पोरीलाही त्या दारातून आत घेतात, हे काय थोडं झालं? आमची कन्या सध्या डोळे मिटून दोन्ही राग आळीपाळीनं ऐकते. तिचंही बरोबरच आहे. वहीत बघून तो फरक कळत नाही; ज्याचा त्यानं तो कानानंच वसूल करायचा असतो.